एकोणीस एकर चहा

चहाच्या पुड्यावर नाव असते ते विकणाऱ्याचे. पिकवणाऱ्याचे नाव छापण्याची पद्धत नाही. म्हणूनच लिप्टन हे नाव आपल्याकडे घराघरांत माहीत आहे, आणि जेम्स टेलर म्हटले तर चारचौघांत ओळखीची मान हलत नाही. श्रीलंकेत मात्र चहाचा इतिहास सुरू होतो तो या टेलरच्या नावाने. लिप्टन तेथे आला १८९० साली, तयार घरात पाहुणा यावा तसा. ते घर बांधणारा माणूस तेव्हा त्याच बेटावरच्या डोंगरात अडतीस वर्षे राबत होता आणि त्याच्या आयुष्याची अवघी दोन वर्षे उरली होती.

श्रीलंका विषुववृत्तापासून जेमतेम सहा ते दहा अंशांवर. कोलंबोला उतरले की आपल्या कोकणातल्या वैशाखाची आठवण यावी असा उकाडा. पण बेटाच्या मधोमध डोंगर आहेत, आणि गाडी कँडी सोडून नुवारा एलियाच्या दिशेने चढू लागली की तासाभरात खिडकी अर्धी ओढून घ्यावी लागते. नुवारा एलिया सहा हजार फुटांच्याही वर आहे. उष्ण कटिबंधातला हा गारवाच चहाला मानवतो. थंडीने पाला सावकाश वाढतो, त्यामुळे स्वाद भरतो. आणि कडाक्याचा हिवाळा नसल्याने झुडूप झोपी जात नाही, खुडणी वर्षभर चालते. दार्जिलिंगला थंडीत मळे थांबतात, तसे येथे नाही. दोन हजार फुटांखालचा चहा वेगळा, चार हजारांपर्यंतचा वेगळा आणि त्यावरचा वेगळा, असे तीन थर तिथले जाणकार मानतात. आज आपण आगगाडीतून तो हिरवा गालिचा पाहतो तेव्हा वाटते, हे सारे असेच होते. तसे नव्हते. १८५२ साली टेलर तेथे पोचला तेव्हा त्या डोंगरांवर चहा नव्हता. होते दाट रान, आणि रान तोडून लावलेली कॉफी.

टेलरचा जन्म २९ मार्च १८३५चा. गाव स्कॉटलंडच्या ईशान्येला, किंकार्डिनशायर परगण्यात, मॉनबोडो या जहागिरीच्या हद्दीत. वडील गाडीची चाके करणारे सुतार. घरची परिस्थिती बेताची, भावंडे बरीच, आणि जेम्स सर्वांत थोरला. तो नऊ वर्षांचा असताना आई गेली. वडिलांनी दुसरे लग्न केले. मुलगा अभ्यासात बरा असावा, कारण चौदाव्या वर्षी गावच्या शाळेत त्याला शिकता शिकता शिकवण्याचे काम मिळाले. आणखी काही वर्षे गेली असती तर तो एखाद्या खेड्यातला मास्तर होऊन राहिला असता.

पण आईकडचा एक नातलग सिलोनमध्ये कॉफीच्या मळ्यावर कामाला होता. त्याच्या ओळखीने १८५१ साली करार झाला. मळ्यावर साहाय्यक, मुदत तीन वर्षे, पगार सालीना १०० पौंड. प्रवासाचा खर्च पगारातून फेडायचा. म्हणजे नोकरी लागण्याआधी कर्ज डोक्यावर! ऑक्टोबरमध्ये गलबत निघाले आणि २० फेब्रुवारी १८५२ रोजी कोलंबोच्या किनाऱ्याला लागले. सतरा वर्षे पुरी व्हायला त्याला अजून महिना होता. आपल्याकडे या वयाच्या मुलाला परगावी होस्टेलवर पाठवताना आई दहा वेळा डब्याचे झाकण तपासते.

कँडीच्या आग्नेयेला डोंगरात पहिल्यांदा एका मळ्यावर त्याची नेमणूक झाली. सहा आठवड्यांत तेथून शेजारच्या दुसऱ्या मळ्यावर बदली झाली. या मळ्याचे नाव लूलेकोंदेरा. नाव इंग्रजी कानांनी ऐकून इंग्रजी हातांनी लिहिलेले. मूळ सिंहली शब्दांचा अर्थ अगदी साधा आहे. लूला म्हणजे मरळ मासा आणि कंदुरा म्हणजे ओढा. आपण मराठीत मरळ-ओढा म्हणू. त्या ओढ्याकाठी टेलर आला आणि तो पुढची चाळीस वर्षे तेथेच राहिला. बदली नाही, बढतीसाठी धावपळ नाही, मायदेशी एकही फेरी नाही.

सुरुवातीचे काम कॉफीचे. रान तोडायचे, जाळायचे, उतारावर रस्ते आखायचे, रोपे लावायची. रस्ते आखण्यात त्याचा हात चांगला होता. हाताखाली माणसे होती ती तमिळ. दक्षिण हिंदुस्थानातल्या दुष्काळी जिल्ह्यांतून कंगाणी, म्हणजे मुकादम, त्यांना उचल देऊन आणत. मन्नारच्या बाजूने समुद्र ओलांडायचा आणि मग रानातून पायी डोंगर गाठायचा. तापाने, पटकीने, उपासमारीने त्या वाटेवर किती माणसे पडली याचा धड हिशेब कोणी ठेवला नाही. मळ्याच्या वहीत कॉफीच्या रोपांची मोजणी मात्र चोख असे. सिलोनच्या चहाची गोष्ट सांगताना ही वाट विसरून चालणार नाही.

टेलरला प्रयोगांची आवड होती. एकाच पिकावर सारा डोंगर टांगून ठेवणे त्याला बरे वाटत नसावे. कोयनेल ज्याच्या सालीपासून करतात त्या सिंकोनाची झाडे लावणाऱ्या तिथल्या पहिल्या मंडळींत तो होता. चहाचे बी त्याने पेरादेनियाच्या सरकारी बागेतून आणले आणि आधी मळ्यातल्या वाटेच्या कडेने लावून पाहिले. मळ्याचे तेव्हाचे मालकही नव्या पिकाला अनुकूल होते. मग १८६७ साली सात नंबरच्या खाचरात एकोणीस एकरांवर त्याने चहाची लागवड केली. बेटावरची चहाची पहिली व्यापारी लागवड ती हीच. त्याच वर्षी कोलंबो ते कँडी आगगाडी सुरू झाली. तेव्हा तिच्याविषयी लोक भरभरून बोलत असणार. एकोणीस एकर झुडपांची बातमी कोण करणार?

चहा लावणे एक आणि चहा करणे दुसरे. हिरवा पाला खुडून उकळत्या पाण्यात टाकला तर चहा होत नाही. दोन पाने आणि एक कळी एवढेच खुडायचे. तो पाला पसरून मऊ पडेपर्यंत कोमेजू द्यायचा. मग तो वळायचा, म्हणजे पानातला रस बाहेर येऊन त्याला हवा लागते. मग काही वेळ तसाच ठेवायचा, तेव्हा हिरवा रंग जाऊन तांबूस येतो आणि वास सुटतो. मग आचेवर सुकवायचा. प्रत्येक पायरीवर वेळ चुकली की माल वाया. हे सारे टेलरला शिकवायला कारखाना नव्हता. आसाम-काचारकडचे मळे पाहिलेली माणसे अधूनमधून त्या बाजूला येत, त्यांच्याकडून तो विचारून घेई. त्याचा कारखाना म्हणजे त्याच्या बंगल्याचा व्हरांडा. टेबलावर पाला ठेवून माणसे तो मनगटापासून कोपरापर्यंतच्या हाताने वळत. मातीच्या चुली, त्यात लोणारी कोळसा, वर तारेच्या जाळीच्या चाळण्या. आपल्याकडे गावी पापड-कुरडयांचा दिवस असतो, तसा तो व्हरांडा रोज दिसत असेल.

१८७२पर्यंत त्याने वेगळी कारखान्याची इमारत उभी केली आणि पाला वळण्याचे यंत्रही स्वतःच्या डोक्याने बनवून घेतले. ते चालवायला ओढ्याचे पाणी आणि पाणचक्की. चाके करणाऱ्या सुताराचा मुलगा होता तो. चाक त्याच्या रक्तात असणारच. १८७३ साली लंडनला लूलेकोंदेराचा चहा गेला. किती? २३ पौंड, म्हणजे साडेदहा किलो. किंमत ५८ रुपये. आज एखादे लग्नघर एका दिवसात याहून जास्त चहापत्ती उडवते. पण पुढे देशाच्या पोटापाण्याचा आधार झालेल्या धंद्याची पहिली पावती एवढीच होती.

पुढच्याच वर्षी, १८७४ साली, टेलरने रजा घेतली. चाळीस वर्षांतली ही एकच म्हणण्यासारखी रजा. तो स्कॉटलंडला गेला नाही. गेला दार्जिलिंगला, तिथला चहा कसा करतात ते पाहायला. सुट्टी घेऊन दुसऱ्या शाखेचे काम बघायला जाणारे नग बँकेतही क्वचित भेटत. सहकारी त्यांना हसत, पण अडचण आली की त्यांच्याच टेबलाशी जात.

अडचण येतच होती. १८६९ साली कॉफीच्या पानांवर नारिंगी ठिपके दिसले. पानाच्या मागे तांबूस भुकटी, आणि काही दिवसांत पान गळून पडायचे. ही बुरशी होती, कॉफीचा तांबेरा. मळेवाल्यांनी प्रथम तिकडे दुर्लक्ष केले. भाव चढे होते, कर्ज सहज मिळत होते, नवी रानेही तुटत होती. झाड पाने झाडायचे, पुन्हा फुटायचे आणि दर वर्षी थोडे अधिक खंगायचे. १८८०च्या सुमारास दुखणे लपण्यासारखे राहिले नाही. सिंकोनाने थोडा आधार दिला, पण सगळेच सिंकोनाकडे धावले, जावातूनही माल आला आणि भाव कोसळला.

येथे माझ्यातला जुना बँकवाला थोडा थांबतो. या मळ्यांना पैसा पुरवणाऱ्यांत ओरिएंटल बँक कॉर्पोरेशनचे नाव मोठे होते. ही बँक मूळची आपल्या मुंबईची. १८४२ साली बँक ऑफ वेस्टर्न इंडिया या नावाने ती निघाली, १८४५ साली तिने मुख्य कचेरी लंडनला नेली. तिच्या नोटा सिलोनमध्ये रोजच्या व्यवहारात चालत. पण तिचे पैसे कॉफीच्या झाडांवर लागले होते, आणि झाडे मरत होती. उभ्या पिकावर दिलेल्या कर्जाला पीकच तारण असते, आणि तारणाला बुरशी लागली तर वहीतला आकडा हिरवागार दिसून उपयोग नाही. मे १८८४मध्ये बँकेने दरवाजे बंद केले. बाजारात हाहाकार उडाला. तिच्या नोटांना सिलोनच्या गव्हर्नराने सरकारी हमी दिली म्हणून लोक थोडे सावरले, आणि त्यातूनच तेथे सरकारने स्वतःच्या नोटा काढण्याचा पायंडा पडला.

अशा वेळी मळेवाल्यांना आठवला लूलेकोंदेराचा तो व्हरांडा. मेलेली कॉफी उपटून तिथे चहा लावता येतो, त्याच उतारावर, त्याच रस्त्यांनी, त्याच माणसांकडून, हे टेलरने आधीच करून दाखवले होते. १८७५च्या सुमारास सबंध बेटावर चहाखाली हजारभर एकर जमीन होती. दहा वर्षांत ती लाखाच्या घरात गेली आणि १८९०मध्ये दोन लाखांच्या पुढे. कॉफीच्या सुकलेल्या खोडांचे पाय करून इंग्लंडात चहाची टेबले बनवली जात, असे सांगतात. एका पिकाच्या हाडांवर दुसरे पीक बसले, ते असे.

मग आला टॉमस लिप्टन. ग्लासगोचा दुकानदार, गरिबीतून वर आलेला, जाहिरातीचा जादूगार. पडत्या भावात त्याने उवा भागातल्या हपुतळेजवळचे दंबतेन्ने आणि इतर मळे घेतले आणि ठरावीक वजनाच्या पुड्यांतून स्वस्त चहा विलायतेतल्या कामगाराच्या स्वयंपाकघरात नेला. त्याचे कर्तृत्व खोटे नव्हे. विकणाराही लागतोच. १८९८ साली तो सर झाला, शर्यतीच्या गलबतांवर त्याने पाण्यासारखा पैसा खर्च केला, आणि दंबतेन्नेच्या वरच्या टेकडीवर तो जेथून मळे न्याहाळी ती जागा आज प्रवाशांच्या यादीत असते. टेलरचीही अशी एक जागा आहे, लूलेकोंदेराच्या माथ्यावरचे एक दगडी आसन. फरक एवढाच की लिप्टन आपल्या मालकीचे मळे पाहत असे. टेलर पाहत होता ते मळे त्याचे नव्हते.

हीच त्याच्या आयुष्याची मेख आहे. चाळीस वर्षे तो पगारी नोकर राहिला. धंद्यातल्या लोकांना त्याची किंमत कळत नव्हती असे नाही. १८९१ साली मळेवाल्यांच्या संघाने वर्गणी काढून त्याला चहाचा चांदीचा सरंजाम भेट दिला. किटली, दूधदाणी, साखरदाणी. ज्याने व्हरांड्यात मातीच्या चुलीवर चहा केला त्याला चांदीची किटली! समारंभाची भेट देताना आपल्याकडेही घड्याळ हातात ठेवतात, आता वेळ झाली हे जणू सुचवायला.

लूलेकोंदेराची मालकी मधल्या काळात बदलली होती. जुने मालक गेले होते. कॉफीच्या पडझडीनंतर बरेच मळे कर्जातून मोठ्या कंपन्यांच्या हाती गेले, आणि कंपनीला डोंगर दिसतो तो ताळेबंदातून. त्या कागदावर सात नंबरच्या खाचराला इतर खाचरांहून वेगळी किंमत नसते. १८९२ साली नव्या मालकांनी टेलरला मळा सोडायला सांगितले. वय सत्तावन्न. लग्न केलेले नाही. स्कॉटलंडमध्ये आता कोणाकडे जायचे? तो हलला नाही. आजारी पडला, पोट बिघडले, हगवण लागली, आणि २ मे १८९२ रोजी त्याच बंगल्यात त्याने प्राण सोडला. नोकरीतून काढलेला माणूस नोकरीच्याच जागी गेला.

टेलर अंगाने अवाढव्य होता. वजन २४६ पौंड, म्हणजे १११ किलो. कँडीचे स्मशान अठरा मैलांवर. डोंगरातून शव न्यायचे तर खांद्यावरच. बारा-बारा माणसांच्या दोन तुकड्या झाल्या आणि आळीपाळीने त्यांनी ती पेटी वाहून नेली. मळ्यावरची माणसे मागून चालत होती. ती त्याला देवमाणूस मानत, असे त्या काळच्या मळेवाल्यांनी लिहून ठेवले आहे. मालकवर्गाने मजुरांच्या मनातले लिहावे तेव्हा ते थोडे जपूनच वाचावे. मळ्यावरचा साहेब कितीही चांगला असला तरी साहेब होता, आणि चाळवजा लाइनीतल्या खोल्यांत राहणाऱ्यांची बाजू कोणी लिहून घेतली नाही. पण अठरा मैल ओझे वाहणारे खांदे खरे होते. चाळीस वर्षांपूर्वी रान तुडवत आलेल्या माणसांची मुले-नातवंडेही त्यांत असतील. स्वतःची म्हणावी अशी जमीन त्यांना नव्हती. ज्याला ते नेत होते, त्यालाही नव्हती.

त्या माणसांची गोष्ट टेलरबरोबर संपली नाही. सिलोन स्वतंत्र झाल्यावर, १९४८च्या कायद्याने, मळ्यांतल्या बहुसंख्य तमिळ कुटुंबांचे नागरिकत्वच नाकारले गेले. पिढ्यान्‌पिढ्या तेथे राबून ती कोणत्याच देशाची राहिली नाहीत. १९६४ साली लालबहादूर शास्त्री आणि सिरिमावो बंदरनायके यांच्यात करार झाला आणि लाखो माणसांची दोन देशांत वाटणी ठरली. पुष्कळांना कधी न पाहिलेल्या गावी परत पाठवण्यात आले. मागे राहिलेल्यांचा प्रश्न श्रीलंकेने २००३च्या कायद्याने बराचसा मिटवला. कंपन्यांचे मळे १९७५मध्ये सरकारने ताब्यात घेतले होते, पुढे १९९०नंतर बहुतेकांची व्यवस्था पुन्हा खासगी कंपन्यांकडे गेली. मालक बदलत राहिले. खुडणारे हात बहुतांशी त्याच घरांतले.

निवृत्तीनंतर आम्ही काही जण श्रीलंकेच्या सहलीला गेलो होतो. कँडीजवळ हंताने येथे जुन्या चहा कारखान्याच्या इमारतीत चहाचे संग्रहालय आहे, २००१ साली सुरू झालेले. तेथे टेलरच्या आठवणी जपल्या आहेत. मंडळींना नुवारा एलियाची घाई होती, तरी गाडी लूलेकोंदेराकडे वळवायला मी त्यांना राजी केले. वळणावळणाचा रस्ता, दोन्हीकडे कमरेएवढी झुडपे, आणि पाठीवर पोती टाकून खुडणाऱ्या बायका. दिवसाला अठरा-वीस किलो पाला खुडला तर पुरी मजुरी पदरात पडते. म्हणजे टेलरच्या पहिल्या खेपेइतका तयार चहा व्हायला दोन-तीन बायकांची दिवसभराची खुडणी पुरे. त्याच्या बंगल्याचे आता फारसे काही उरलेले नाही. एक धुराडे तेवढे उभे आहे. खाली मळा चालू आहे. आमच्यातल्या एका वहिनींनी विचारले, एवढ्यासाठी आलो का? त्यांचेही खरे होते. पाहायला तेथे काही नव्हते. जे होते ते सगळ्या डोंगरांवर पसरलेले होते.

आज श्रीलंकेत वर्षाला २५ ते ३० कोटी किलो चहा होतो. मधल्या काळात त्यावरही संकटे आली. २०२१ साली रासायनिक खतांवर एकाएकी बंदी घातली गेली, उत्पादन घटले, आणि पुढच्या वर्षी देशाची तिजोरीच रिकामी झाली. एकाच पिकावर, एकाच हुकमावर डोंगर टांगून ठेवू नये, हा कॉफीने दिलेला धडा जुना आहे. पण धडे दर पिढीला नव्याने गिरवावे लागतात.

टेलरची कबर कँडीच्या महय्यावा स्मशानात आहे. बेटावर चहा आणि सिंकोना या दोन्हींचा पाया घालणारा म्हणून तिच्या दगडावर त्याची नोंद आहे. दगड मित्रांनी उभारला. मालकांनी नव्हे. मळा सोडायला सांगणारे कागद कोठल्या फायलीत गेले कोण जाणे, पण सात नंबरचे खाचर अजून सात नंबरचे खाचर म्हणूनच ओळखले जाते. मालकी बदलते, कंपनीची पाटी बदलते, बँका बुडतात. काम ज्याच्या हातून सुरू झाले त्याचे नाव मात्र जमीन कधी कधी जपून ठेवते, तिचा सातबारा कोणाच्याही नावावर असो.